कूलंट कमी झालंय? टाकायच्या आधी एक फोटो काढा

ज्यांना इअरफोन सापडत नाहीयेत किंवा जे ऑफिसात बसून गुपचूप वाचतायत, त्यांच्यासाठी ह्या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले 'अं' आणि 'म्हणजे कसं की' थोडे छाटलेत, बाकी ऐकलंत तसंच आहे.

सेकंडहँड गाडी घेण्यावरचा भाग झाल्यापासून तुमच्याकडून एकाच प्रकारचा फोटो सगळ्यात जास्त आलाय. बॉनेट उघडलेलं, कोपऱ्यात पिवळट पडलेली एक प्लास्टिकची बाटली, तिच्या तळाशी हिरवं नाहीतर गुलाबी पाणी, आणि खाली प्रश्न: "दादा, हे कमी दिसतंय. काय टाकू?"

काय टाकायचं ते सांगतोच. पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. गेलं कुठे? पेट्रोल जळतं म्हणून संपतं. इंजिन ऑइलसुद्धा थोडंफार जळतं. कूलंट जळत नाही. ते बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतं, बस्स. काही प्रकारच्या बाटल्यांतून वर्षभरात अगदी थोडं वाफ होऊन उडतं, ते सोडून द्या. पण दोन-चार आठवड्यांत बोटभर उतरलं असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. आणि जे बाहेर पडतंय ते कधीतरी भर घाटात जास्त पडणार.

ह्या विषयात दोन गोष्टी पणाला असतात. एक, इंजिनचं हेड. दोन, तुमचा हात आणि चेहरा. हात-चेहरा आधी घेऊ.

(२:१०) कुकरची शिट्टी

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून गरम धूर बनून जाते, आणि उरलेल्यातला मोठा वाटा कूलंटला उचलावा लागतो. वॉटर पंप ते फिरवतो, थर्मोस्टॅट नावाची झडप साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागते आणि गरम कूलंटला रेडिएटरकडे पाठवते. तिथे हवा लागते, ते थंड होतं, परत येतं. गाडी व्यवस्थित चालत असतानाही आतलं कूलंट ९०-१०० अंशांवर असतं.

आता शाळेतलं विज्ञान आठवा. पाणी १०० अंशांना उकळतं, तेही समुद्रसपाटीला. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. मग इंजिनातलं का उकळत नाही? कारण ती सगळी यंत्रणा म्हणजे एक प्रेशर कुकर आहे. रेडिएटरच्या टोपणात एक स्प्रिंग असते. बऱ्याच टोपणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल. तो दाब, बारमध्ये. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीएवढाच! एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. त्यात ग्लायकॉल मिसळलं की उकळबिंदू अजून काही अंश वर जातो.

म्हणून गरम गाडीचं टोपण उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकरचं झाकण ओढण्यासारखं आहे. आत ११० अंशांचं कूलंट दाबामुळे शांत बसलंय. टोपण सैल झालं, दाब गेला, आणि त्यातल्या काही भागाची त्याच क्षणी वाफ झाली. पाण्याची वाफ होताना ते साधारण १६०० पट फुगतं. ती वाफ उरलेलं सगळं उकळतं कूलंट ढकलत बाहेर येते, आणि बाहेर वाकून बघणारे तुम्ही असता. फडकं धरून उघडलं तर चालतं, हा समज अजिबात ठेवू नका. फडक्याने हाताला चटका कमी बसेल. तोंडावर येणारी वाफ फडकं अडवत नाही.

कधी उघडायचं? रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी, सुरू करायच्या आधी. ते जमत नसेल तर किमान दोन-तीन तास थांबून. आणि टोपणाला हात लावायच्या आधी रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड रबरी पाइप दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ आणि गार असेल तर हरकत नाही. तरीही पाव फेरा फिरवून थांबा, 'फुस्स' आवाज येतो का ऐका, मग पूर्ण काढा.

आणखी एक. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. ओढणी, स्टोल, गळ्यातलं आयडी कार्ड, सगळं बाजूला ठेवून मगच वाका.

(५:३०) बाटली खोटं बोलू शकते

हा भाग थोडा निवांत ऐका, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

बाटल्या दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात बाटली हीच यंत्रणेचा भाग असते, तिच्यातही दाब असतो आणि तिचं टोपण जाड, आट्यांचं, 'गरम असताना उघडू नका' अशी खूण असलेलं असतं. युरोपियन धाटणीच्या आणि बऱ्याच नव्या गाड्यांत ही दिसते. रेडिएटरवर वेगळं टोपण नसतं. इथे बाटलीत दिसतं ते बऱ्यापैकी खरं.

दुसरा प्रकार जुन्या हॅचबॅकमध्ये सर्रास. रेडिएटरवर स्वतःचं दाबाचं टोपण, आणि बाजूला एक साधी बाटली, जिचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं. दोघांना जोडणारी करंगळीपेक्षा बारीक रबरी नळी. कूलंट तापलं की फुगतं, रेडिएटरच्या टोपणाची स्प्रिंग उचलली जाते, जास्तीचं कूलंट नळीतून बाटलीत येतं. गाडी थंड झाली की आत निर्वात तयार होतो, टोपणातली दुसरी छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट परत आत खेचलं जातं. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, समजा.

आता ह्या दुसऱ्या प्रकारात त्या बारीक नळीला चीर गेली, किंवा टोपणाचं रबर कडक झालं, तर काय होईल? बाहेर जाताना कूलंट बाटलीत जाईल. परत येताना मात्र रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढेल. बाटली छान भरलेली, रेडिएटर अर्धा रिकामा! तुम्ही रोज बाटली बघताय, पातळी मॅक्सला आहे, तुम्ही खूश. आमच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही कॅश वाचताय आणि डेटाबेस कधीच बदललाय.

त्यामुळे अशी गाडी असेल तर महिन्यातून एकदा, पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं टोपण उघडून आत बघा. कूलंट मानेपर्यंत दिसलं पाहिजे. आणि जी बाटली गाडी गरम असताना आणि थंड असताना अगदी एकाच रेषेवर असते, कधी हलतच नाही, तिच्यावर संशय घ्या. टोपण नवं आणायला फार पैसे लागत नाहीत, फक्त आकडा जुन्यावर छापलाय तोच घ्या. जास्त आकड्याचं टोपण लावून 'परफॉर्मन्स' वाढत नाही, जुने पाइप मात्र फुटू शकतात.

डॅशबोर्डवरचा काटा? तोही भरवशाचा नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झालं तरी काटा मध्येच, म्हणजे लोक उगाच घाबरायला नकोत. शिवाय तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच गळून गेलं तर तो हवेत लटकतो आणि भलतंच, कधीकधी चक्क कमी तापमान दाखवतो. घाट चढताना काटा अचानक खाली आला तर 'वा, थंड झाली' म्हणू नका, बाजूला घ्या. छोट्या गाड्यांत काटा नसतो, नुसता दिवा असतो. थंड असताना निळा, फार तापली की लाल. लाल दिवा लागला ह्याचा अर्थ उशीर आधीच झालाय.

एक युक्ती मात्र चांगली आहे. इंजिन व्यवस्थित तापलंय, तुम्ही हीटर लावला आणि थंड हवा आली, तर कूलंट कमी असण्याची दाट शक्यता. हीटरला गरमी कूलंटकडूनच मिळते. महाराष्ट्रात हीटर लावायची वेळ फारशी येत नाही, पण तपासणीसाठी फुकटचं साधन आहे.

(९:४५) फोटोचं काय?

तर आता सकाळ झाली आहे, गाडी थंड आहे, सपाट जागी उभी आहे. रॅम्पवर किंवा उतारावर बघितलेली पातळी धरू नका. बाटलीवर मिन-मॅक्स किंवा लो-फुल अशा दोन रेषा असतात. थंड गाडीत पातळी त्या दोघींच्या मध्ये हवी. बाटली जुनी होऊन आतलं दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च मागून धरा. तरी कळत नसेल तर बंपरला हात लावून गाडी हलकी हलवा, आतलं पाणी डुचमळतं तेव्हा रेषा दिसते.

आणि आता टाकायच्या आधी फोटो काढा. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, त्याच जागी उभी असताना. फोनमध्ये तारीख आपोआप येते. हवं तर बाटलीवर मार्करने बारीक रेघ मारा. एवढंच करायचंय.

ह्याचा उपयोग काय, ते सांगतो. माझ्या टीममधल्या एका मित्राची नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. रोज वाकड ते हिंजवडी, म्हणजे कमी किलोमीटर आणि जास्त उभं राहणं. बाटली मिनच्या खाली गेली की सोसायटीत गाड्या धुणारे काका नळाचं पाणी टाकून द्यायचे, तेही प्रेमाने. चार महिने असं चाललं. जेवताना त्याने सहज सांगितलं, "ही गाडी पाणी पिते यार." मी म्हटलं, पुढच्या वेळेपासून टाकायच्या आधी आणि टाकल्यावर फोटो काढ. त्याने काढले. सगळे एका ओळीत लावले तेव्हा चित्र दिसलं. पहिल्यांदा बोटभर उतरायला पंधरा दिवस. मग आठ. मग चार. गळती वाढत होती, पण प्रत्येक वेळी पाणी टाकल्यामुळे बाटली भरलेली दिसायची आणि सगळं ठीक वाटायचं.

गॅरेजमधल्या काकांनी फोटो बघितले, टॉर्च घेऊन खाली वाकले, आणि वॉटर पंपाच्या खाली बोट फिरवलं. बोटावर पांढरट, गुलाबी पापुद्रा. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील खराब झालं की कूलंट तिथून झिरपतं. ती कंपनीने ठेवलेली सूचनाच आहे, फक्त कुणी वाकून वाचत नाही. काका एवढंच म्हणाले, "साहेब, पाणी टाकून टाकून तुम्ही आजार पोसला." पंप बदलला, काही हजारांत निभावलं. ह्याच पंपाने पंधरा दिवसांनी, गावी जाताना वाटेत दम सोडला असता तर बिलात इंजिनचं हेड आलं असतं.

हेडचं एवढं का? आजकालच्या गाड्यांचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते जास्त तापलं की किंचित वाकतं. 'किंचित' म्हणजे डोळ्यांना दिसत नाही इतकं. पण हेड आणि ब्लॉक ह्यांच्यामधलं गॅस्केट त्या फटीला पुरत नाही आणि जळतं. मग कूलंट तेलात जातं, तेल कूलंटमध्ये, सिलिंडरमधला वायू दोन्हींत. हेड काढणं, सपाट करून आणणं, गॅस्केट, तेल, मजुरी असं धरून बिल सहज पाच आकडी होतं. दोन-अडीच लाखांच्या सेकंडहँड गाडीसाठी हा आकडा बघून काही लोक गाडीच विकून टाकतात. कूलंटचा लिटर दोन-चारशे रुपयांत येतो, म्हणून हे सगळं एवढं लांबण लावून सांगतोय.

गळती शोधायला तुम्ही घरी काय करू शकता? रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी थेंब दिसले तर रंग बघा, बोटाला लावून बघा. (चाखायचं नाही! का ते शेवटी येतंय.) एसीचं पाणी रंगहीन, बिनवासाचं असतं आणि बहुतेक डावीकडच्या सीटच्या आसपास, खाली पडतं, ते नॉर्मल आहे. कूलंट रंगीत, किंचित चिकट आणि गोडसर वासाचं असतं. तो गोडसर वास गाडीच्या आत येत असेल, पायाखालचं कार्पेट ओलं लागत असेल, काचेवर सारखं तेलकट धुकं येत असेल, तर डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. पाइपांच्या क्लॅम्पपाशी पांढरे-हिरवे वाळलेले डाग दिसले तर तिथे. आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तरी कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतोय, तेलाच्या टोपणाच्या आत दुधाळ कॉफीसारखी साय जमलीय, तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका. मेकॅनिकला बोलवा. फक्त थोडीशी साय, तीही थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, नुसत्या दमटपणानेही येते. बाकीची लक्षणं सोबत आहेत का बघा.

(१४:२०) आता टाकायचं काय?

रंग बघून कूलंट विकत घेऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हा कंपनीने घातलेला रंग आहे, त्याचा कुठला सर्वमान्य नियम नाही. दोन गुलाबी कूलंट आतून पूर्ण वेगळी असू शकतात, आणि चुकीची दोन एकत्र आली तर आत गाळ धरू शकतो. गाडीचं मॅन्युअल उघडा. पुस्तक हरवलं असेल तर पीडीएफ मिळते. त्यात प्रकार लिहिलेला असतो. बाटलीवर भारतीय मानक आयएस ५७५९, नाहीतर जपानचं जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकेचं एएसटीएम डी ३३०६ असं काही छापलंय का बघा. काहीच छापलेलं नसेल आणि नुसतं 'सुपर कूल' लिहिलेलं असेल, तर ते रंगीत पाणीही असू शकतं.

मग बघा, ते 'रेडी टू यूज' आहे की कॉन्सन्ट्रेट. तयार असेल तर थेट टाका, त्यात पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर बाटलीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणात पाणी मिसळा, आणि ते बाहेर, स्वच्छ भांड्यात मिसळा. पाणी कुठलं? पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे 'बॅटरीचं पाणी' म्हणून मिळतं ते, म्हणजे डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड. बोअरचं पाणी नको. तुमच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांमध्ये बसतो.

एका श्रोत्याने विचारलंय, मग शुद्ध कॉन्सन्ट्रेटच टाकलं तर गाडी अजून थंड राहील ना? उलट होतं. ग्लायकॉल तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या तुलनेत ६० टक्क्यांहूनही कमी उष्णता वाहून नेतं. गंमत म्हणजे गोठायच्या बाबतीतही तेच. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, पण अर्धं पाणी घातलेलं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं मर्लिन इंजिन सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉलवर चालायचं. नंतर त्यांनीही ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉलवर मुक्काम केला.

दुसरा प्रश्न उलट्या बाजूचा: "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? साधं पाणी का नको?" कारण आपल्याकडे कूलंटचं मोठं काम गंज अडवणं आहे. त्यात मिसळलेली रसायनं ॲल्युमिनियम, लोखंड, सोल्डर, पंपाचं सील ह्या सगळ्यांना वाचवतात. आणि ती कशी संपतात, त्याचा एक छोटा हिशेब करू. समजा तुमच्या गाडीत एकूण चार लिटर मिश्रण आहे, अर्धं अर्धं. अर्धा लिटर गळलं, तुम्ही अर्धा लिटर साधं पाणी टाकलं. असं चार वेळा झालं की ५० टक्क्यांचे २९ टक्के उरतात. आठ वेळा झालं की १७. बाटली मात्र प्रत्येक वेळी मॅक्सला! रंगही फिका झालेला पटकन लक्षात येत नाही. माझ्या त्या मित्राच्या गाडीचं म्हणूनच पंप बदलताना सगळं कूलंट काढून, यंत्रणा धुऊन, नवं भरावं लागलं. आणि अशी पाणी झालेली गाडी घेऊन कुणी डिसेंबरात स्पितीला गेलं, तर तिथे आतलं पाणी गोठून फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

टाकताना एवढंच: बाटली तीच आहे ना, दोनदा बघा. वायपरच्या पाण्याची बाटली तिथेच शेजारी असते, तिच्या झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं. हळूहळू ओता, मॅक्सच्या वर जाऊ नका, कारण गरम झाल्यावर फुगायला जागा लागते. झाकण घट्ट बसवा. दुसऱ्या प्रकारची बाटली असेल आणि रेडिएटरमध्येही टाकावं लागलं असेल, तर एक फेरी मारून, परत पूर्ण थंड होऊ देऊन, पातळी पुन्हा बघा. आत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, तो निघाला की पातळी थोडी उतरते. एकदा उतरून थांबली तर ठीक. नंतरही उतरत राहिली तर वरचा भाग पुन्हा वाचा.

(१९:०५) घाटात तापलीच तर

मे महिन्यातला लाँग वीकेंड, साताऱ्याकडे जाताना खंबाटकी, पुढे ट्रॅफिक मुंगीच्या चालीने, चार माणसं, बॅगा, एसी फुल. बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही बघितल्याच असतील. काटा वर सरकायला लागला, पण अजून लाल नाही, वाफ नाही, तर एसी बंद करा, काचा खाली करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण जोरात. हो, उन्हाळ्यात. घामाघूम व्हाल, पण तो हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर आहे. जागा मिळाली की बाजूला घ्या.

लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर 'वरपर्यंत पोचू' हा विचार सोडा. सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद, पार्किंगचे दिवे चालू, माणसं खाली उतरवून कठड्याच्या बाजूला. बॉनेटच्या फटीतून वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत बॉनेटही उघडू नका. इंजिनवर गार पाणी ओतणारे मदतनीस लगेच जमतात. त्यांना नम्रपणे "काका, राहू द्या, थंड होऊ दे आधी" म्हणा. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. पाऊण तास तरी बसा. मग पाइप दाबून, आधी सांगितलं तसं.

थंड झाल्यावर कूलंट नसेल आणि जवळ फक्त प्यायच्या पाण्याची बाटली असेल, तर बिनधास्त टाका. अडचणीच्या वेळी साधं पाणी चालतं. रिकाम्या इंजिनपेक्षा ते हजारपट बरं. नंतर त्या आठवड्यातच गॅरेजला जाऊन सांगा की पाणी टाकलंय. पण टाकलेलं पाणी लगेच खाली रस्त्यावर येत असेल, तर गाडी सुरू करू नका. टो करून न्या.

(२१:४०) राहिलेले प्रश्न, पटापट

बाइकला पण लागतं का? आरवन-फाइव्ह, एनएस दोनशे, ड्यूक तीन-नव्वद अशा लिक्विड-कूल्ड बाइकना लागतं. बाटली बहुतेक फेअरिंगच्या आत लपलेली असते. बाइक सरळ उभी धरून पातळी बघा. साइड स्टँडवर चुकीची दिसते.

इलेक्ट्रिक गाडीत? बऱ्याच गाड्यांत बॅटरीसाठी वेगळं कूलंट असतं, काहींत वीज कमी वाहणारं खास. तिथे स्वतः काही ओतू नका, सर्व्हिस सेंटरला विचारा.

पेट्रोल पंपावर "साहेब, कूलंट संपलंय, टाकू का?" म्हणतात तेव्हा? तेव्हा गाडी गरम असते, म्हणजे टोपण उघडायची वेळच नाही. स्वतः उतरून बाटली बाहेरून बघा, फोटो काढा, "नको भाऊ, घरी बघतो" म्हणा.

किती वर्षांनी सगळं बदलायचं? मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीची कूलंट साधारण दोन वर्षं, नवी लाँग लाइफवाली पाच किंवा जास्त. सेकंडहँड गाडी घेतलीत आणि आधीच्या मालकाने काय भरलंय माहीत नाही, तर मी आधी सगळं बदलून घेईन.

आणि चाखायचं का नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात. एखादा चमचा मांजराचा जीव घ्यायला पुरतो. पार्किंगमध्ये सांडलेलं, गटाराच्या कडेला ओतलेलं कूलंट सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा किंवा माती-भुसा टाकून उचला, जुनं काढलेलं गॅरेजमध्येच सोडा. उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. गुलाबी, गोड, ओळखीच्या बाटलीत, आणि घरात चार वर्षांचं पोर आहे. मूळ डब्यातच ठेवा, आणि वरच्या फळीवर. घरात कुणी किंवा एखाद्या प्राण्याने प्यायलंय अशी शंका जरी आली, तरी लक्षणं दिसायची वाट न बघता डबा सोबत घेऊन थेट हॉस्पिटल किंवा पशुवैद्य गाठा.